गोठलेली मिसिसिपी, नाव्हूचा हिवाळा आणि तुमचे प्रश्न

मागच्या अंकात अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यातल्या नाव्हू गावाचा एक हिवाळी फोटो छापला होता. पुढे गोठलेली मिसिसिपी, मागे टेकडीवर पांढुरकं मंदिर, आणि खाली एवढीच ओळ की 1846 मध्ये मॉर्मन लोक इथून नदी ओलांडून पश्चिमेला निघाले. मॉर्मन म्हणजे जोसेफ स्मिथ यांनी अमेरिकेत सुरू केलेला एक ख्रिस्ती पंथ. त्या एका ओळीवर एवढी पत्रं आणि मेल आले की या वेळचं सदर त्यालाच देऊन टाकलंय, पासपोर्ट आणि विम्याचे प्रश्न विचारणाऱ्यांनी पुढच्या अंकापर्यंत दम धरा.

ताई नमस्कार, तुमच्या फोटोवरून आमच्या घरात पैज लागलीये. नवरा म्हणतो हजारो लोक बैलगाड्यांसकट गोठलेल्या नदीवरून चालत पलीकडे गेले. मी म्हणते एवढी रुंद नदी, त्यात भरलेल्या गाड्या, कसं शक्य आहे? कोण बरोबर?

दोघं अर्धे अर्धे बरोबर आहात, त्यामुळे पैजेचे पैसे आपापल्या खिशातच ठेवा.

पहिली गाडी 4 फेब्रुवारी 1846 ला नदीपार गेली, चार्ल्स शमवे यांची, आणि ती बर्फावरून नाही तर होडीतून गेली. फेब्रुवारीतले पुढचे बरेच दिवस हेच चाललं होतं, सपाट तळाच्या मोठ्या होड्या, लहान होड्या, जे तरंगेल ते सगळं, आणि त्यात बैल, गाडी, माणसं, पिठाची पोती. पाण्यात बर्फाचे तुकडे वाहत होते ते वेगळंच. 9 फेब्रुवारीचा एक किस्सा तर त्यांचे तेव्हाचे नेते ब्रिगम यंग यांच्या नोंदींमधून आलेला आहे, होडीत कुणीतरी तंबाखूची पिंक टाकली ती थेट एका बैलाच्या डोळ्यात, बैल उसळून नदीत पडला, जोडीच्या बैलाला घेऊन गेला आणि जाता जाता होडीची बाजूची फळीच उखडली, होडीत पाणी शिरलं आणि काठाजवळ येता येता ती बुडाली. माणसं वाचली, दोन बैल गेले. त्याच दिवशी इकडे गावात मंदिराच्या छताला आग लागली होती, वरच्या मजल्यावर कपडे वाळवायला शेगडी फार पेटवली म्हणून. म्हणजे लोक नदीच्या मधोमध बुडताहेत आणि मागे वळून बघावं तर मंदिरातून धूर येतोय. असा दिवस कुणी कथेत लिहिला असता तर आपण म्हटलं असतं की जरा अतीच झालं.

नदी गोठली ती फेब्रुवारीच्या शेवटच्या आठवड्यात. त्याआधी थंडी वाढत गेली तसे बर्फाचे मोठे मोठे तुकडे वाहून यायला लागले आणि काही काळ तर ना होडी चालेना ना पायी जाता येईना. मग एकदम कडाक्याची थंडी पडली, थर घट्ट झाला आणि लोक, गाड्या, जनावरं सरळ बर्फावरून जायला लागले. तर तुमच्या मिस्टरांचं म्हणणं खरं आहे, बैलगाड्या गेल्या, पण ते थोडेच दिवस. त्या हिवाळ्यात निघालेले लोक एकूण साधारण अडीच-तीन हजार आणि गावाची वस्ती होती अकरा-बारा हजार. बाकीचे बहुतेक सगळे वसंतात निघाले, गवत उगवल्यावर आणि अर्थात होडीतून.

मग सगळ्या चित्रांत बर्फच का दिसतो? कारण बर्फ चित्रात छान दिसतो हो. खरा त्रास पुढे, नदीपलीकडच्या आयोवात झाला तो चिखलाने. 1 मार्चला शुगर क्रीक ओढ्याच्या काठावरचा त्यांचा पहिला तळ हलला आणि साधारण तीनशे मैलांवरच्या मिझुरी नदीपर्यंत पोचायला जूनचा मध्य उजाडला, साडेतीन महिने! पुढच्या वर्षी हजार मैलांचा रॉकी पर्वतापर्यंतचा प्रवास त्याच लोकांनी जवळपास तेवढ्याच वेळात केला. त्या वसंतात पाऊस थांबायलाच तयार नव्हता, चाकं आसापर्यंत रुतायची, काही दिवशी तर आख्ख्या दिवसात मैलभरसुद्धा पुढे सरकायचे नाहीत. पण चिखलात रुतलेल्या गाडीचं चित्र दिवाणखान्यात कोण लावणार?

मला एक कळत नाही, भर फेब्रुवारीत बायकापोरं घेऊन निघायची एवढी काय घाई होती? दोन महिने थांबले असते तर? नेत्यांना अक्कल नव्हती का?

अक्कल होती आणि मूळ प्लॅनही वसंतातच निघायचा होता. सप्टेंबर 1845 मध्ये आजूबाजूच्या वस्त्यांवर हल्ले करून मॉर्मन लोकांची घरं आणि गंजी जाळल्या गेल्या, त्यानंतर जो समझोता झाला त्यात शब्दच असे होते की गवत उगवेल आणि पाणी वाहायला लागेल तेव्हा आम्ही जाऊ. त्याआधी काय झालं होतं तेही थोडक्यात सांगते कारण चार-पाच जणांनी विचारलंय. हे लोक 1839 मध्ये मिझुरी राज्यातून हाकलले गेले आणि इथल्या दलदलीच्या, हिवतापाच्या काठावर येऊन पाच-सहा वर्षांत त्यांनी शहर उभं केलं. स्वतःची सनद, स्वतःची फौज, एकगठ्ठा मतं, वर बहुपत्नीत्वाची कुजबुज, शेजाऱ्यांना हे सगळंच खुपत होतं. जून 1844 मध्ये विरोधकांचा छापखाना शहराच्या हुकमाने मोडला गेला, त्यावरून अटक झाली आणि 27 जूनला जोसेफ स्मिथ आणि त्यांचा भाऊ हायरम यांना जवळच्या कार्थेज गावच्या तुरुंगात जमावाने गोळ्या घातल्या. जानेवारी 1845 ला राज्याने सनदही काढून घेतली.

आता तुमचा मुद्दा, फेब्रुवारीच का. हिवाळ्यात नेत्यांवर खोटी नाणी पाडल्याचे फेडरल आरोप निघाले आणि अफवा पसरली की सरकारी फौज येऊन वाट अडवणार. गव्हर्नर थॉमस फोर्ड यांनी ती भीती वाढेल असंच केलं आणि नंतर स्वतःच लिहून ठेवलं की हे लोक लवकर जावेत म्हणून त्यांना तसं वाटू दिलं गेलं. मला तरी हे वाचून राग येतो. समोरच्याला घाबरवून भर थंडीत घराबाहेर काढायचं आणि मग आठवणी लिहायला बसायचं.

पण सगळा दोष बाहेरच्यांचाही नाही. ठरलं होतं की आधी नेते आणि काही निवडक माणसं पुढे जातील, रस्ता बघतील. झालं काय, नेते निघाले म्हटल्यावर मागे राहायला कुणीच तयार नाही. पाच माणसांच्या कुटुंबाने काय काय न्यावं याची यादी आदल्या ऑक्टोबरातच तिथल्या पेपरात छापली होती, एक मजबूत गाडी, तीन बैलजोड्या, दुभत्या गायी, हजार पाउंड पीठ वगैरे, आणि प्रत्यक्षात शुगर क्रीकला पोचलेल्या शेकडो लोकांकडे पंधरा दिवस पुरेल एवढंही खायला नव्हतं. म्हणजे बर्फापेक्षा घाईने घात केला असं माझं मत, पटत नसेल तर लिहा, पुढच्या अंकात भांडू.

आणि हो, त्या हिवाळ्यात गाव नुसतं रडत बसलेलं नव्हतं. घराघरात सुतारकाम चालू होतं, गाड्यांसाठी लाकूड वाळायला वेळ नाही म्हणून ते मिठाच्या पाण्यात उकळून मग भट्टीत सुकवायचे. आणि दुसरीकडे मंदिरात 10 डिसेंबरपासून फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यापर्यंत रात्रंदिवस विधी, पाच हजारांवर लोकांचे. 3 फेब्रुवारीला ब्रिगम यंग म्हणाले आता बस्स, निघायचंय, आणि बाहेर पडले, पण गर्दी हलेचना, शेवटी परत फिरले आणि त्या एका दिवसात आणखी जवळपास तीनशे जणांचं उरकलं. निघायच्या घाईत सुद्धा हे सोडायचं नाही, यातून त्या लोकांना मंदिर म्हणजे काय होतं ते कळतं.

पहिल्याच रात्री नदीपलीकडे तंबूत नऊ बाळं जन्मली असं वाचलंय, खरंय का हे?

ही गोष्ट त्या प्रवासातल्याच कवयित्री एलायझा स्नो यांच्या लिखाणातून आली आणि त्यांनीही मला असं सांगण्यात आलं असंच लिहिलंय, स्वतः बघितलं म्हणून नाही. वाटेत बाळंतपणं झाली हे नक्की, तंबूत झाली, गाडीत झाली, पण एकाच रात्री नऊ हा आकडा डोळे मिटून पुढे ढकलू नका.

आम्ही जानेवारीत शिकागोहून जायचं म्हणतोय, बरोबर सासूबाई आणि दोन मुलं. सगळं बंद असतं का? आणि नदीवर चालता येईल का, मुलांनी फार धरलंय.

दुसऱ्याचं उत्तर आधी. नाही. मुलांनी कितीही धरलं तरी नाही.

स्थिर पाण्यावरचा नवा, स्वच्छ बर्फ निदान चार इंच जाड असेल तर माणसाने चालावं, स्नोमोबाइलला पाच ते सात इंच लागतो असा तिकडचा सरकारी ठोकताळा आहे, पण तो तळ्यांसाठी. नदीत खालून प्रवाह बर्फ खात असतो, इथे आठ इंच तर दहा पावलांवर दोन, आणि वर बर्फ भुरभुरलेला असला की काहीच दिसत नाही. त्यात ही 1846 ची नदी राहिलेलीच नाही. तेव्हा नाव्हूच्या खाली डे मॉइन रॅपिड्स होते, उथळ खडकाळ आणि धावतं पाणी, मोठ्या बोटींना माल उतरवून हलकं व्हावं लागायचं. 1913 मध्ये किओककला धरण झालं, पाणी चढलं, रॅपिड्स बुडाले, जुना काठही बराच पाण्याखाली गेला. आज तुम्हाला समोर जे रुंद पसरलेलं दिसतं ते खरं तर धरणाचं फुगलेलं पाणी आहे. म्हणून कुणी सांगितलं की अहो गाड्या गेल्या होत्या इथून, तर हसून मान डोलवा आणि काठावरच उभे राहा.

आता बंद असतं का. नाही, जुन्या वस्तीतली मॉर्मन चर्चची ऐतिहासिक घरं हिवाळ्यातही बघता येतात, फक्त वेळ कमी असते आणि सगळीच घरं रोज उघडी असतील असं नाही, तेव्हा निघायच्या आदल्या दिवशी व्हिजिटर सेंटरला फोन करून विचारा. तिकीट नाही. जुलै-ऑगस्टमध्ये इथे मोठा नाट्यप्रयोग असतो तेव्हा तुफान गर्दी असते. जानेवारीत एखाद्या घरात तुम्ही आणि माहिती सांगणारे आजी-आजोबा एवढेच असता, ते बहुतेक निवृत्त व्हॉलंटियर असतात आणि गप्पांना भुकेले असतात. सासूबाईंना बरोबर नेताय ते उत्तम, त्यांची आणि त्या आजींची चूल, भट्टी, ब्रेड यावर छान गट्टी जमेल, भाषा येवो न येवो. मुलांना लोहाराचं दुकान आणि ब्राउनिंगचं बंदुकीचं दुकान दाखवा, आणि स्कोव्हिल बेकरीत आल्याचं बिस्कीट मिळतं ते विसरू नका, नाहीतर मुलं मला शिव्या देतील.

मला विचाराल तर नाव्हू हिवाळ्यातच बघावं. उन्हाळ्यात झाडी इतकी असते की गावाची रचना डोळ्यात भरत नाही. पानं गळाली की टेकडीवरचं मंदिर, खालची सपाट वस्ती, मोकळे चौकोनी प्लॉट आणि तिन्ही बाजूंनी वळसा घेतलेली नदी, सगळं एका नजरेत कळतं. मोकळे प्लॉट म्हणजे तिथे घरं होती बरं का, बारा हजारांचं गाव आज हजाराच्या आसपास आहे. पार्ली स्ट्रीटवरून नदीकडे चालत जा, लोक निघाले ती हीच वाट, रस्त्याच्या कडेला त्यांच्या डायऱ्यांमधले उतारे लावलेत. शेवटच्या टप्प्यात नदीवरचं वारं अंगावर येतं तेव्हा कळतं की जॅकेटवर अजून एक जॅकेट हवं होतं. कानटोपी, हातमोजे, सासूबाईंना खाली पकड असलेले बूट, काठाजवळचे दगड निसरडे असतात.

गाडी नसेल तर शिकागोहून अॅमट्रॅकची साउथवेस्ट चीफ ही रेल्वे फोर्ट मॅडिसनला थांबते, पण ते नदीच्या आयोवा बाजूला आहे आणि पुढे गाडी लागेलच. नाव्हू आणि समोरचं माँट्रोझ यांच्यामध्ये आजही पूल नाही, फोर्ट मॅडिसन किंवा किओककवरून वळसा घालावा लागतो. म्हणजे 1846 सालच्या माणसाला जे पलीकडचं गाव समोर दिसत होतं ते तुम्हालाही नुसतं दिसणारच.

विंटर क्वार्टर्स म्हणजे नाव्हूच ना? एका व्हिडिओत दोन्ही एकच असल्यासारखं दाखवलंय.

नाही हो, यात फार जणांचा घोटाळा होतो. दोन्हीकडे नदी, दोन्हीकडे थंडी आणि माणसंही तीच, म्हणून. नाव्हू मिसिसिपीवर, जिथून निघाले ते. विंटर क्वार्टर्स मिझुरी नदीच्या पश्चिम काठावर, आजच्या ओमाहा शहराचा फ्लॉरेन्स भाग, जिथे पुढचा हिवाळा, 1846-47 चा, काढला ते. आयोवात इतका वेळ गेला की त्या वर्षी पर्वतापलीकडे पोचणं शक्य नव्हतं, त्यात जुलैमध्ये पाचशेच्या आसपास तरुण मॉर्मन बटालियन म्हणून मेक्सिको युद्धासाठी सैन्यात गेले, म्हणजे कामाचे हातच गेले. त्यांच्या पगाराचा काही भाग छावणीला मिळाला हेही खरं.

आणि मला वाटतं हिवाळा म्हणून जर काही लक्षात ठेवायचं असेल तर ते हे ठिकाण. काही महिन्यांत साडेतीन-चार हजारांची वस्ती उभी केली, ओंडक्यांची घरं, ज्यांना तेही जमलं नाही त्यांनी टेकडीत खड्डे खणून वर मातीची छपरं घातली. खायला मका, खारवलेलं मांस, आणि ताजं जवळजवळ काही नाही. मग स्कर्व्ही आली, पाय काळे पडायचे म्हणून ते त्याला ब्लॅकलेग म्हणायचे, हिरड्या सुजायच्या, दात हलायचे. व्हिटॅमिन सी हा शब्द अजून जन्मायचा होता, पण बटाट्याने माणूस बरा होतो एवढं त्यांच्या लक्षात आलं होतं, मिझुरीहून बटाटे आणले, आणि जवळच सैन्याने सोडून दिलेल्या फोर्ट अ‍ॅटकिन्सनच्या जागेवर हॉर्सरॅडिश, म्हणजे मुळ्यासारखं झणझणीत कंद, उगवलेलं सापडलं, तेही खाल्लं. हिवताप आणि बाकीच्या साथी होत्याच. आजूबाजूच्या छावण्या धरून मेलेल्यांचा आकडा सहाशेच्या घरात सांगतात, त्यात लहान मुलं फार. टेकडीवर स्मशान आहे, तिथे 1936 साली बसवलेला पुतळा आहे, आईबाप उघड्या कबरीपाशी उभे आहेत, खाली त्यांचं बाळ.

एक गोष्ट मात्र या कथेत मागे पडते. ती जमीन ओमाहा या मूळ अमेरिकन जमातीच्या लोकांची होती. त्यांचे प्रमुख बिग एल्क यांनी राहू दिलं खरं, पण हजारो माणसं आणि त्यांची जनावरं आल्यावर लाकूड, चारा, शिकार सगळं झपाट्याने संपायला लागलं, ओमाहांनी बैल मारले की मॉर्मन चिडायचे, आणि ओमाहा म्हणायचे की आमचं हरण तुम्ही खाल्लंत त्याचं काय. ते लोकही तेव्हा उपाशी होते आणि वर सू टोळ्यांचे हल्ले सोसत होते. हाकललेले लोक हाकलल्या जाणाऱ्यांच्या जमिनीवर, असं ते प्रकरण. 1848 मध्ये वस्ती रिकामी झाली, राहिलेले पश्चिमेला तरी गेले नाहीतर नदीच्या आयोवा बाजूला परतले.

जोसेफ स्मिथच्या बायकोने स्कर्टखाली कागद लपवून गोठलेली नदी पार केली ती हीच वेळ का?

नाही, ती सात वर्षं आधीची. फेब्रुवारी 1839, एमा स्मिथ, चार लहान मुलं बरोबर, नवरा मिझुरीत लिबर्टीच्या तुरुंगात, आणि ओलांडली ती मिसिसिपीच पण नाव्हूच्या बऱ्याच खाली, क्विन्सीला. कागद म्हणजे जोसेफच्या बायबलवरच्या कामाची हस्तलिखितं, कापडी पिशव्यांत घालून घागऱ्याखाली बांधलेली. आणि दिशा बघा, तेव्हा पश्चिमेकडून पूर्वेकडे, इलिनॉयमध्ये आसरा घ्यायला. क्विन्सीच्या लोकांनी तो दिलाही, गावच्या ताकदीबाहेर दिला. 1846 मध्ये तीच नदी उलट ओलांडायची वेळ आली तेव्हा एमा गेलीच नाही. ब्रिगम यंगशी तिचं पटलं नव्हतं, पुढे 1847 मध्ये तिने लुईस बिडमन यांच्याशी लग्न केलं आणि 1879 मध्ये नाव्हूतच वारली. तिचं घर, मॅन्शन हाउस, विटांचं दुकान ही सगळी जागा तिच्या मुलाच्या नेतृत्वाखालच्या शाखेकडे, म्हणजे आजच्या कम्युनिटी ऑफ क्राइस्टकडे होती, 2024 च्या मार्चमध्ये ती सॉल्ट लेकच्या चर्चने, म्हणजे ब्रिगम यंगबरोबर पश्चिमेला गेलेल्यांच्या शाखेने, विकत घेतली.

फोटोतलं मंदिर 1846 चंच का? आत जाता येतं?

जुनं नाही. जुनं 1848 मध्ये आगीत गेलं, उरलेल्या भिंतींपैकी एक 1850 च्या वादळाने पाडली, तेव्हा गावात फ्रान्सहून आलेले इकेरियन लोक राहायला होते आणि ते दुरुस्त करायच्या खटपटीत होते बिचारे. आताचं त्याच जागेवर तसंच बांधलेलं, 27 जून 2002 ला अर्पण झालं. आत फक्त चर्चच्या पात्र सभासदांना प्रवेश, बाकीच्यांनी बाहेरून फिरावं, भिंतीवरचे दगडी सूर्य बघावेत.

पक्ष्यांची आवड आहे. हिवाळ्यात तिथे गरुड दिसतात म्हणे?

दिसतात, आणि भरपूर. वरची नदी गोठली की बाल्ड ईगल उघडं पाणी शोधत येतात, किओकक धरणाच्या खाली पाणी गोठत नाही आणि टर्बाइनमधून बाहेर पडलेले अर्धमेले मासे आयते मिळतात. जानेवारीत जा, सकाळी लवकर, दुर्बीण घेऊन. थंडी जितकी जास्त तितके गरुड जास्त, त्यामुळे वेदरच्या अ‍ॅपमध्ये आकडा बघून ट्रिप कॅन्सल करू नका. काठावरच्या उंच उघड्या झाडांवर बसलेले असतात. गाडीतूनच बघा, दार उघडलं की उडतात.